कोलंबीचं घर

"चित्र बघून सांगा. घरचं ऐकून सांगू नका."

आमच्या शाळेतल्या बाईंचं हे ठरलेलं वाक्य. म्हणताना त्या चित्रावर बोटाने टकटक करायच्या, दारावर करतात तशी. जणू आत कोणी राहतंय आणि त्याने कडी काढायची आहे.

शाळेचा व्हरांडा आणि माझी पडवी यांच्यामध्ये एक चिऱ्याचा गडगा आहे, कमरेएवढा. बाई वर्ग व्हरांड्यातच घ्यायच्या आणि मी पडवीत जाळी सांधत बसायचो. त्यामुळे त्यांचा शब्दन् शब्द मला ऐकू यायचा. आणि आमच्या घरी 'घरचं' म्हणजे कोण? मुलगा आखातात, सून मासळीच्या कारखान्यात, नात सई बाईंच्या वर्गात. दिवसभर घरात मी आणि म्हातारी. तेव्हा ते वाक्य मला लागायचं. खोटं कशाला बोलू.

मी दुसरीतून शाळा सोडली. पुढे मिरकरवाड्याच्या बंदरात तांडेल झालो. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य. जाळं कधी टाकायचं, कुठे टाकायचं, हे तो सांगतो आणि बाकीचे ऐकतात. मालक बोटीवर आला तरी तोही ऐकतो. असल्या माणसाला उतारवयात गडग्यापलीकडून कोणी रोज 'घरचं ऐकू नका' म्हणावं, म्हणजे बघा.

बाई सांगलीकडच्या. पहिल्या आठवड्यात बंदरावरून येताना नाकाला पदर लावून यायच्या. पोरं हसायची. पुढे पदर खाली आला, पण मासा काही त्यांनी तोंडात घातला नाही. खात नव्हत्या, पण विचारायच्या सगळं. बांगड्याला पट्टे का असतात, माकूळ शाई का सोडतं. मी सांगायचो, आणि त्या "असं होय!" म्हणून पुढे निघायच्या. कुठे लिहून वगैरे घेत नसत.

पुस्तकातली चित्रं त्यांना बारीक वाटायची. म्हणून त्यांनी स्वतःची केली. कॅलेंडर, खताच्या पिशव्या, मसाल्याची पाकिटं, जिथे प्राणी दिसेल तिथे कात्री. आणि चिकटवायला जाड कागद कुठला? लग्नाच्या पत्रिका. वाडीतल्या प्रत्येक घरातून पोरांनी जुन्या पत्रिका आणून दिल्या. आता पत्रिका म्हटली की तिच्यावर गणपती आलाच. म्हणजे एका बाजूला म्हैस आणि मागच्या बाजूला गणपती. चित्र जमिनीवर पडलं की पोरं उचलून कपाळाला लावायची. मी एका पोराला उंदीर कपाळाला लावताना बघितलंय. बाई म्हणायच्या, "माझी चित्रं फाटत नाहीत, त्याचं कारण हे."

शिकवायची रीत अशी. व्हरांड्यात खडूने चौकोन काढायचे, त्यांना 'घरं' म्हणायचं, आणि चित्र ज्याच्या-त्याच्या घरात नेऊन ठेवायचं. पहिल्या दिवशी दोनच घरं होती, सजीव आणि निर्जीव. पोरांनी होडी उचलली आणि सजीवात ठेवली.

"होडी सजीव?" बाई म्हणाल्या.

"हो बाई. डिझेल पिते."

"धूर सोडते."

"पावसाळ्यात झोपते. वर ओढून झाकून ठेवतात तिला."

"बरं," बाई म्हणाल्या, "मग पिल्लं देते का?"

मग मागून एक आवाज आला, "बाई, मोठ्या बोटीच्या मागे लहान होडी बांधलेली असते. ती काय मग?"

बाई खांबाला धरून हसल्या. मीही गडग्याआड हसलो, आवाज न करता. होडी निर्जीवात नेईपर्यंत सुट्टीची घंटा झाली.

पुढे घरं वाढली. वनस्पती, प्राणी, मग प्राण्यांत पक्षी, मासे, सरपटणारे, किडे. एक दिवस सईची पाळी आली. तिने बांगडा माशांच्या घरात ठेवला. पापलेट ठेवलं. त्यांच्या शेजारी कोलंबी ठेवली, चिंबोरी ठेवली आणि माकूळही ठेवलं.

"सई, माशाला पाय असतात का गं?"

"नाही."

"मग कोलंबीला?"

सई म्हणाली, "आबा म्हणतात, जाळ्यात आलं ते म्हावरं."

म्हावरं म्हणजे मासळी. आमच्याकडे सगळे हेच म्हणतात. बाईंनी कोलंबीवर टकटक केली आणि आपलं वाक्य म्हटलं.

मी सुई-दोरा खाली ठेवला आणि गडग्याशी जाऊन उभा राहिलो. "बाई, मी उभा जन्म दर्यावर काढला. कोलंबी म्हावरं नाही, मग काय भाजी?"

"भाजी नाही हो तांडेल. पण मासापण नाही. पाय मोजा तिचे."

"पाय मोजून कोण विकत घेतं?"

"मी विकायला नाही बसले. शिकवायला बसलेय."

पोरं एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. घरात आलो तर म्हातारीने पण सोडलं नाही. "दुसरीतून पळालेले बाईंना शिकवायला निघाले! बसा आता, चहा घ्या."

संध्याकाळी सईने विचारलं, "आबा, मग कोलंबी कुठे ठेवू?"

"म्हावऱ्यात."

तिने मान हलवली. आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गात बोलायचीच बंद झाली. बाईंनी विचारलं की खाली बघायची. गाईचं चित्र दिलं तरी हातात धरून बसायची. गाईत काय अडलं होतं? पण पोरीने मनाशी ठरवलं असणार, की तोंड उघडलं तर कोणाला तरी खोटं पाडावं लागणार. त्यापेक्षा न बोललेलं बरं. आधी गडग्यापलीकडून तिचा आवाज सगळ्यांच्या वर यायचा. आता तो येईना. जाळं सांधताना माझ्या गाठी चुकायला लागल्या.

एका संध्याकाळी बाईच घरी आल्या. सगळी चित्रं पिशवीत घालून आणलेली. पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तांडेल, कोलंबीवरून आपण दोघं जन्मभर भांडू. माझी हरकत नाही. पण खरं कोण, ते ह्या पोरीने ठरवायचं का?"

मी तंबाखूची डबी काढली.

"तुम्ही तुमची घरं मांडा," त्या म्हणाल्या. "मग ती तिची मांडेल."

मी मांडली. लिलावाला जातं ते एका बाजूला, त्यातच कोलंबी आणि माकूळ. सुकवायला जातं ते दुसरीकडे. घरच्या कालवणापुरतं राहतं ते तिसरीकडे. सई वाकून बघत होती. कासवाचं चित्र आलं तेव्हा मी ते कुठेच ठेवलं नाही, बाजूला उंबऱ्यावर ठेवलं.

"हे कुठल्या घरात?" बाईंनी विचारलं.

"ते देव. जाळ्यात आलं तर हळद-कुंकू लावायचं, नारळ द्यायचा आणि सोडायचं."

बाईंनी मान डोलावली. मग सगळी चित्रं गोळा करून सईच्या हातात दिली. पोरगी हळूहळू मांडायला लागली. पक्षी इकडे, मासे तिकडे. कोलंबी आणि चिंबोरीला तिने पायवाल्यांचं एक वेगळं घर दिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी तंबाखू मळत होतो. मळत राहिलो.

मग कासव. ते तिने बराच वेळ हातात धरलं. उलटं करून मागचा गणपतीपण बघून घेतला. आणि मग सरळ नेऊन पालीच्या शेजारी ठेवलं.

माझ्या घरात, माझ्या पायरीवर, देव पालीच्या बाजूला! म्हातारीने आतून "अगो बाय!" म्हटलं. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. बाईंनी त्यांचं ते वाक्यसुद्धा म्हटलं नाही. सई माझ्या तोंडाकडे बघत होती. आता मी जे बोलेन त्यावर ती उद्या बोलणार की कायमची गप्प बसणार, हे मला दिसत होतं. बोटीवर असताना समोर खडक दिसला की जसं कळतं, तसंच.

मी हातावरची तंबाखू झटकली आणि म्हटलं, "राहू दे. पालीचं नशीब."

सई आधी हसली, मग बाई हसल्या. म्हातारी बाहेर येऊन भिंतीवरच्या खऱ्या पालीला हात जोडून गेली, ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी गडग्यापलीकडून सईचा आवाज आला. चढा, सगळ्यांच्या वर.

म्हणून मी कोलंबीचं मान्य केलं असं समजू नका. आजही मला विचारलं तर ती म्हावरंच. बाईंनीही त्यांचं सोडलं नाही. दिवाळीनंतर गावाहून येताना त्या ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी आणायच्या, आणि गडग्यावर ठेवून म्हणायच्या, "हे जाळ्यात येत नाही. चालेल ना?" मी त्यांना सोलं द्यायचो, आमसुलं. उपकार नकोत कोणाचे.

मग त्यांची बदली झाली, त्यांच्या जिल्ह्यात. त्यांनीच मागितली होती, आई एकटी होती तिकडे. निरोपाला भाषणं झाली. मी गेलो नाही, मला भाषणं ऐकवत नाहीत. सकाळी ट्रंक मात्र मीच एस.टी.पर्यंत नेली. म्हाताऱ्याने उचलू नये म्हणून त्या भांडत होत्या. गाडी सुटेपर्यंत भांडत होत्या.

आता नवे गुरुजी आहेत. चांगले आहेत. ते टीव्हीवर शिकवतात, त्यासाठी दार लावून घ्यावं लागतं. पडवीत काही ऐकू येत नाही.

सई मोठ्या शाळेत जाते. मागच्या महिन्यात तिथून बोलावणं आलं. धुतलेला शर्ट घालून गेलो. तिथल्या सरांनी बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, "नात हुशार आहे, पण फार बोलते. प्रत्येक गोष्टीला, हे कशावरून? मी सांगितलेलं सरळ मानत नाही."

"हो सर," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार? तोंड पाडून बसायला हवं होतं, ते काही जमलं नाही.

घरी येताना सई म्हणाली, "आबा, बाईंना फोन करून सांगूया?"

"कशाला? त्या म्हणतील, बघा, मी सांगत होते."

थोडं चाललो. उन्हाने घाम आला होता. भाट्याच्या खाडीकडून वारं येत होतं, म्हणून एका पाराच्या सावलीला टेकलो.

"लाव," मी म्हटलं.

तिने नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. तिकडे घंटा वाजत होती तोवर मी शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं.