मॅडमना सावलीतून नेलं

मी तसा व्यवहारी माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. चहा संपेपर्यंत तुमचा त्यावर विश्वास उरणार नाही.

आमच्या गास गावाला एक ट्रस्ट मोफत दवाखाना काढणार होता. आमच्याकडे की पलीकडच्या पाड्यात, एवढंच ठरायचं होतं. शेजारच्या रोजीमावशीने, म्हणजे माझ्या आईच्या सख्ख्या बहिणीने, त्यासाठी आपली पडवी रिकामी करून ठेवली होती. तिला साखरेचा त्रास, पायाला जखम, एक दिवसाआड ड्रेसिंग. नाक्यावरचा दवाखाना रस्त्याने लांब. डंपर अंगावर येतात, फुटपाथ नावाची वस्तू नाही, आणि रिक्षावाला गावात आत यायला तयार नाही. "पडवीत दवाखाना आला की मी घरच्या चपलेवर जाईन डॉक्टरकडे," असं ती येईल त्याला सांगत होती.

पाहणीला ट्रस्टच्या मॅडम आल्या. त्यांचं म्हणणं असं, की गरजेची प्रत्येक गोष्ट म्हाताऱ्या माणसाला घरातून चालत गाठता आली पाहिजे. "तुमचे पेशंट नाक्यापर्यंत कसे जातात, तेवढं मला चालून दाखवा," त्या मला म्हणाल्या.

माझं काम किती सोपं होतं बघा. भर दुपारी त्यांना डांबरी रस्त्याने न्यायचं. दोन डंपर अंगाला घासून गेले असते की दवाखाना आमचा.

पण पाहुण्या बाईला उन्हातून चालवायचं? आम्हा वाडीवाल्यांना ते जमतच नाही. पाहुणा आला की आम्ही चांगली कपबशी काढतो, तसा रस्ताही चांगलाच काढतो. मी म्हटलं, "मॅडम, सावलीतून जाऊ या."

आमच्याकडे कुणाच्याही वाडीतून जाता येतं. मागच्या दाराशी हाक मारली की झाली परवानगी. केळीतून, विहिरीच्या कडेने, क्रुसाला वळसा घालून आम्ही निघालो. एका दारी शहाळं, दुसऱ्या दारी पेरू. खात खात चालणाऱ्याला अंतर कसलं कळतंय? वाटेत पाण्याच्या पाटावर पुलासारखा माडाचा ओंडका टाकलाय. तो मी ऐटीत ओलांडला. मॅडम चपला हातात घेऊन, हसत हसत माझ्या मागून आल्या. इतकी मजा वाटली त्यांना, की मला परत ओंडक्यावर उभं करून माझा फोटोही काढला.

ओंडका संपला की समोरच नाक्यावरच्या दवाखान्याची मागची बाजू. दुपारची वेळ, आत चिटपाखरू नाही. डॉक्टर माझ्या वर्गातला, त्याने लगेच चहा मागवला.

"एवढं जवळ?" मॅडम म्हणाल्या.

आता इथे तरी तोंड मिटायचं ना? मी म्हणालो, "आमच्याकडे सगळंच हाकेच्या अंतरावर, मॅडम. शाळा, चर्च, बाजार. शहरवाल्यांनी शिकावं आमच्याकडून."

"खरंय," त्या म्हणाल्या. आणि दवाखाना पलीकडच्या पाड्याला दिला.

मावशीला सांगायला मीच गेलो. ती पडवी झाडत होती.

"बावत्या, तू तिला नेलंस कोनत्या वाटेने?"

"वाडीतून."

"ओंडक्यावरून?"

"हो."

पट्टी बांधलेला पाय पुढे करून तिने एकदा पाहिला आणि पुन्हा झाडायला लागली. मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पावसाळ्यात रस्त्यावर पाणी भरलं. ड्रेसिंगला खाडे पडले, अंगठा काळा पडला, शेवटी कापावा लागला. ह्यात विनोद नाही, मला माहीत आहे. मी शोधून पाहिला.

पुढच्या ड्रेसिंगसाठी डॉक्टरमित्राने तिला ट्रस्टच्याच दवाखान्यात पाठवलं. तिथे त्या कामाची नर्स आहे म्हणे. म्हणजे आता मी मावशीला स्कूटरवर मागे बसवून पलीकडच्या पाड्यात नेतो, डंपर चुकवत, त्याच डांबरी रस्त्याने. पहिल्या दिवशी आत शिरलो, तर समोरच्या भिंतीवर मी. ओंडक्यावर उभा, दात दाखवत. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'जिथे सगळं चालत गाठता येतं, असं गाव'.

नर्सने आधी फोटो पाहिला, मग मला पाहिलं, मग माझ्या हातातलं हेल्मेट पाहिलं.

"तुम्हीच ना हे? तुमच्याकडे तर सगळं चालत जाण्याइतकं जवळ आहे. मग इतक्या लांब गाडीने कशाला आलात?"

मावशीने पाय उचलून स्टुलावर ठेवला.

"तो चालतच येनार होता, बाई," ती म्हणाली. "मी मागे बसते म्हनून त्याला गाडी काढावी लागते."