गेममधला मराठी काका

राहवत नाही, म्हणून लिहितेय.

संध्याकाळी आठ वर्षांची सई टॅबवर ऑनलाइन गेम खेळत होती. अचानक त्यातून एका अनोळखी पुरुषाचा आवाज आला, तोही मराठीत. "बाबा घरी कधी असतात गं?"

"पापा ड्यूटी पे हैं, संडे को आएँगे," सई म्हणाली. पुढे ती पत्ता सांगायला लागली, तेवढ्यात मी टॅब हिसकावला आणि तिच्यावर ओरडले.

ती रडत म्हणाली, "पर आई, वो तो मराठी हैं ना!"

चंदीगडला बदलीवर आल्यापासून बाजारात कुणी मराठी बोलताना दिसलं, की मी लगेच ओळख काढते, पत्ता देते, चहाला बोलावते. सई माझं बोट धरून शेजारीच उभी असते.

तुम्हीच सांगा, तिला कुठल्या तोंडाने रागावू?