चंदावलीसाठी कोण थांबत होतं?

मित्रहो, आज इथल्या, हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळात मी बोललो. विषय एकच जुना शब्द, चंदावल. श्रोते होते सहा.

हा शब्द तुर्की-फारसीतून मराठ्यांच्या फौजेत आला. सैन्याच्या पुढे चालणारी तुकडी ती हरावल आणि सर्वांत मागची ती चंदावल. जखमी, बाजारबुणगे, सामानाचे बैल पुढे काढून द्यायचे आणि पाठलागावर आलेला शत्रू आपल्या अंगावर घ्यायचा, हे तिचं काम. मी अगदी पेटून बोललो.

मग शहराच्या कडेला रांझी वस्तीत राहणाऱ्या रामटेके काकांची कॉलेजात शिकणारी नात उठली. "सर, जो सबसे पीछे रह जाते थे, उनके लिए कौन रुकता था?"

सभेत फक्त मराठीच बोलायची, हा आमच्या मंडळाचा नियम. तो मीच भांडून करवून घेतलाय. मी म्हणालो, "मराठीत विचार."

"जे मागे... राहून..." ती अडखळली. कोणीतरी हसलं. "रहने दीजिए," म्हणून ती निघून गेली.

काका काठी शोधत उठले. "काहून अडवलं हो तिला? घरातलं कोणी पहिल्यांदाच आलं होतं माझ्यासोबत."

तेही गेले. उरलेल्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. नंतर खुर्च्या मी एकट्यानेच आवरल्या.

इतक्या वर्षांत मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. उद्या रांझीला जाऊन तिची माफी मागणार आहे, हिंदीत. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे कोणत्याच भाषेत नाही. तुमच्याकडे आहे का?