परक्या नावाचा हंडा

आवराआवरीचा नियम आईने अगदी सोपा केला होता. ज्या भांड्यावर आपल्या घरचं नाव, ते राहील. परकं नाव असेल ते मोडीत जाईल.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. कोपरीतलं आमचं भाड्याचं घर मालकाला मुलाच्या लग्नासाठी हवं होतं, आणि डोंबिवलीत मिळालेली जागा म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकापुरता आडोसा. तीन खोल्यांचा संसार त्यात कोंबायचा कसा? आईने भांड्यांपासून सुरुवात केली. तेव्हा लग्नामुंजीत भांडी द्यायची ती नाव घालूनच, आणि जेवणावळींत याची त्याच्याकडे जायची ती कायमचीच. मी अकरा वर्षांची. पडवीत बसून काठ फिरवत नावं वाचायचं काम माझ्याकडे. मी वाचायची, आई बोटाने दाखवायची, इकडे की तिकडे. मला मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू!

मग हाताशी आला आत्याचा पितळी हंडा. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला, तेव्हा सासरचा एवढा एक हंडा घेऊन ती भावाकडे आली आणि राहिली. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. माझी वेणी तीच घालायची, आमटीला फोडणी तीच द्यायची. हंड्यावर तिच्या सासऱ्यांचं नाव होतं. मी अर्धं वाचलं आणि थांबले. आईचं बोटही थांबलं.

"वन्सं, हा राहू दे," आई म्हणाली.

"छे गं! नियम म्हणजे नियम. आणि हे धूड ठेवणार कुठे?" असं हसत म्हणून आत्याने हंडा स्वतःच उचलला आणि मोडीच्या ढिगात नेऊन ठेवला. संध्याकाळी कासार आला आणि सगळं घेऊन गेला.

त्या दिवसापासून तिने आवरायचा सपाटाच लावला. खाट देऊन टाकली. "जमिनीवर कंबर सरळ राहते," म्हणाली. ट्रंक शेजारणीला दिली. लुगडी तेवढी दोन ठेवली, एक अंगावर आणि एक दोरीवर. आत्याला काय हौस आहे बाई आवरायची, असं आम्ही म्हणायचो. कसली हौस आणि कसलं काय! ती डोंबिवलीला येणार की नाही, हे घरात कोणी बोललंच नव्हतं. 'चल' असंही कोणी म्हटलं नव्हतं, 'नको' असंही नाही. तिला नाही म्हणायला कोणाला कारण सापडू नये म्हणून ती रोज आपलं काहीतरी कमी करत होती. हे मला तेव्हाही थोडंफार कळत होतं. अकरा वर्षांची मुलगी म्हणजे काही कुक्कुलं बाळ नसतं.

आणि तिने मोकळी केलेली जागा भरली कोणी? मी! बाबांनी खोक्याच्या फळ्यांचं अभ्यासाचं टेबल करून दिलं होतं, ते इथेच टाकून जायचं ठरलं होतं. खाट गेली तशी मी बाबांच्या मागे लागले. "आता जागा झाली ना, बाबा! घ्या ना टेबल!" माझी वकिली आत्यानेच केली. "अरे, पोरगी शिकते आहे. घे तिचं टेबल."

बाबांनी घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी बाबा तिला म्हणाले, "अक्का, तू थोडे दिवस गावी दिरांकडे जा. शेवटी नावाने तुझं घर तेच." बाबा दुष्ट नव्हते हो. बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते, बांधलेली वळकटी पुन्हा बांधत होते. आत्या "बरं" म्हणाली. मला हुंदका आला. पण टेबल नको, आत्या हवी, हे काही माझ्या तोंडून निघालं नाही.

दिवाळीला ती कोकणातून बोटीने आली, हातात एक पिशवी घेऊन. डोंबिवलीच्या खोलीत टेबल खिडकीशी होतं. दुपारी जेवणं झाल्यावर सगळे आडवे व्हायला लागले, तर तिला कुठे जागाच होईना. आई सतरंजी घेऊन नुसती उभी. तेवढ्यात आत्या वाकून टेबलाखाली शिरली, पाय पोटाशी घेतले, पिशवी उशाला घेतली आणि तिथूनच म्हणाली, "बघ गं, मावले की नाही! कोणाला अडचण नाही."

आई आडोशामागे गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. बाबांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मी टेबलाशी पुस्तक उघडून बसले होते. माझे पाय तिला लागले, तर तीच आणखी आत सरकली.

"राहा आता इथेच," असं कोणीतरी म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. मी म्हणू शकत होते. शरम वाटते सांगायला, मीही म्हटलं नाही.

भाऊबीज झाली आणि बाबा तिला धक्क्यावर नेऊन बोटीत बसवून आले. त्या संध्याकाळी मी टेबलाशी बसले, तर पाय ऐसपैस पसरता आले. आणि मला बरं वाटलं.