आईच्या रकान्यातली सातवी

माझे सासरे पहिल्यांदा वारले ते आमच्या डब्लिनच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका रविवारी दुपारी. डब्लिन म्हणजे ओहायोतलं, कोलंबसच्या शेजारचं. खरे मामंजी तेव्हा सांगलीजवळ आपल्या गावी ठणठणीत होते आणि दर महिन्याला निळ्या हवाई पत्रातून लेकाला ऊस किती वाढला ते कळवत होते. पण माझ्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं की ते गेले, गावात डॉक्टर नव्हता म्हणून गेले, आणि त्यांच्या उशाशी बसून नातीने डॉक्टर व्हायचं ठरवलं.

"अहो," मी म्हटलं, "मामंजी कधी गेले?"

हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "निबंध आहे तो. तिच्या अर्जातला."

लेक समोरच बसली होती, सतरा वर्षांची, शाळेचं शेवटचं वर्ष. ती छताकडे बघायला लागली.

आता हा अर्ज कसला ते सांगते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत डॉक्टर व्हायचं तर आधी चार वर्षं कॉलेज, मग पुन्हा परीक्षा, पुन्हा अर्ज, मग मेडिकल. पण काही विद्यापीठांनी एक जवळची वाट काढली होती. शाळा संपता संपता अर्ज करायचा. घेतलं तर कॉलेज आणि मेडिकल दोन्हीकडची जागा एकदमच नक्की. जागा मोजक्या, आणि अर्ज बाकी सगळ्या कॉलेजांच्या आधी पाठवायचे. शाळेतल्या सल्लागार बाई आम्हाला म्हणाल्या होत्या की सतराव्या वर्षी एवढं मोठं ठरवणं घाईचं आहे. मी त्यांना म्हटलं, "सतराव्या वर्षी माझं लग्न झालं, तेव्हा मला कोणी काही विचारलंसुद्धा नव्हतं. ही निदान स्वतः ठरवतेय." त्यांनी मुकाट्याने सही केली.

आमच्या मराठी मंडळींत तेव्हा या अर्जाची एक फाइल फिरायची. एका डॉक्टरांच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी अशी जागा मिळाली होती. त्याच्या अर्जाच्या झेरॉक्स त्याच्या आईने, म्हणजे डॉक्टरीणबाईंनी, जपून ठेवल्या होत्या. फाइल दिवाळी अंकासारखी घरोघर जायची आणि तिच्यासोबत फोनवरून सूचना यायच्या. निबंधात आजोबा हवेत. मुलाखतीला आईवडिलांनी तोंड उघडायचं नाही. त्या दोन वर्षांत ओहायोतल्या मराठी घरांमधले इतके आजोबा डॉक्टराअभावी गेले की गावाकडे साथ आली होती की काय असं वाटावं.

मला हे कळलं कारण मला वाचायची खोड आहे. मी मराठी सातवी. आमच्या गावात शाळा तेवढीच होती. पुढची शाळा तालुक्याला, आठ मैलांवर. भावाला सायकल मिळाली, मला नाही. अमेरिकेत आले तेव्हा मला इंग्रजी अक्षरं येत होती, शब्द येत नव्हते. मग घरात जो कागद येईल तो मी वाचायला लागले. नाश्त्याच्या सीरियलचा खोका, फोनचं बिल, बिलाच्या मागची बारीक अक्षरं, विम्याची पत्रं, औषधाच्या डबीतली घडी घातलेली चिठ्ठी. शेजारी डिक्शनरी. दहा वर्षांत अशी गत झाली की घरातून कुठलाही कागद बाहेर जायचा तो माझ्या डोळ्यांखालून. यांचे ऑफिसचे रिपोर्टसुद्धा. हे अमेरिकेत एम.एस. झालेले इंजिनीयर, पण स्पेलिंगच्या बाबतीत, असो.

तर निबंध बाजूला ठेवून मी अर्जाचं पहिलं पान घेतलं. नाव, पत्ता, शाळा. वडिलांचं शिक्षण: एम.एस. आईचं शिक्षण: बी.ए.

मी ते दोनदा वाचलं.

"अहो, मी बी.ए. कधी झाले?"

आता पेपर खाली आला.

"अगं, सगळ्यांच्या आयांचं काही ना काही लिहिलेलं असतं. घरातलं वातावरण बघतात ते लोक. फाइलवाल्या वहिनी म्हणाल्या, बी.ए. टाका, इथे कोण येतंय विचारायला."

"पण मला कोणी विचारलं तर? विषय कोणता घेतला होता मी?"

यांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "इकॉनॉमिक्स."

म्हणजे विचार करून ठेवला होता. बघा, या माणसाने लग्नानंतर मला कधी कमी लेखलं नाही. पहिली डिक्शनरी यांनीच आणून दिली होती. म्हणूनच ते दोन टाइप केलेले शब्द मला जास्त लागले. एखाद्या परक्याने टाइप केले असते तर मी हसून सोडून दिलं असतं.

"खोडा ते," मी म्हटलं. "सातवी लिहा. आणि मामंजींना उठवा."

"आई, इट्स जस्ट अ बॉक्स," लेक म्हणाली. "नोबडी केअर्स."

"कोणाला पर्वा नसेल तर सातवीची पण नसेल. मग सातवीच असू दे."

"दुसरा फॉर्म नाहीये आपल्याकडे," हे म्हणाले. "उद्या पोस्टात पडायला हवा. खोडाखोड केलेला अर्ज कोण वाचेल? तिचं नुकसान होईल."

हे खरं होतं, आणि मला ते कळत होतं. मुलीला ही जागा मनापासून हवी होती. ती दोन उन्हाळे हॉस्पिटलात फुकट काम करून आली होती. बेडपॅन धुऊन आलेली मुलगी रात्री हौसेने जेवते तेव्हा आईला कळतं की ही हौस टिकणार. माझ्या हट्टापायी तिची वाट अडली असती तर? पण मला दुसरंही दिसत होतं. मेडिकलच्या दारातच जिने आईबद्दल खोटं लिहिलं, ती पुढे पेशंटच्या कागदावर काय काय लिहील?

"इट्स माय ॲप्लिकेशन," लेक म्हणाली.

"अर्ज तुझा आहे. पण तो रकाना माझा आहे. वाटलं तर रिकामा ठेव. बी.ए. नको."

ती कागद उचलून खोलीत गेली. संध्याकाळपर्यंत टाइपरायटरचा आवाज येत होता. बाहेर आली तेव्हा बी.ए.वर टाइपिंगच्या चुकांवर लावतात तो पांढरा रंग होता आणि त्यावर 'सातवी' टाइप केलेली, ओळीपासून जरा वर सरकलेली. मामंजीही उठले होते. म्हणजे निबंधात ते आता मरत नव्हते, फक्त फार आजारी पडत होते आणि डॉक्टर नसतानाही बरे होत होते. हे वाचून यांनी कपाळाला हात लावला.

"डॉक्टराशिवाय म्हातारा बरा झाला, तर हिला डॉक्टर व्हायचंय कशाला?"

दुसऱ्या दिवशी अर्ज तसाच गेला.

नाताळच्या आधी पाकीट आलं, पातळ. नाही म्हणून. मुलाखतीलासुद्धा बोलावलं नव्हतं. हे मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी भांडले असते. लेक तीन दिवस माझ्याशी फक्त मीठ दे, पाणी दे एवढंच बोलली.

त्या सुट्टीत चर्चच्या तळघरात मंडळींचं पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने आपला पदार्थ आणायचं जेवण, होतं. आम्ही सगळे कार्यक्रम तिथेच करायचो, गणपतीसुद्धा. मी मसालेभाताचं पातेलं ठेवते तोच डॉक्टरीणबाई जवळ आल्या.

"ऐकलं मी. वाईट वाटलं हं. पण वहिनी, तत्त्वं घरात ठेवायची असतात, अर्जात नाही. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न असतो."

दोन-तीन बायका ताटं घेऊन थांबल्या. मी काय म्हणते ते त्यांना ऐकायचं होतं. समोरच्या खुर्चीत डॉक्टरीणबाईंचे सासरे बसले होते. उन्हाळ्यापासून लेकाकडे आलेले, अंगात दोन स्वेटर, हातात जिलबी. फाइलमधले आजोबा ते हेच.

"थांबा हं वहिनी," मी म्हटलं, "आधी आजोबांना नमस्कार करून येते. आमच्या घरी यांच्या फार आठवणी निघतात."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी खरंच जाऊन त्यांच्या पाया पडले. म्हातारा खूश झाला, म्हणाला, "औक्षवंत व्हा." मी म्हटलं, "तुम्हीसुद्धा."

परतताना गाडीत मागच्या सीटवरून लेकीचा आवाज आला. "आई, ते आजोबा? द डेड वन?"

"तेच."

ती आधी बारीक हसली, मग पोट धरून. पाठोपाठ हेही हसायला लागले आणि गाडी बाजूला घ्यावी लागली.

दुसऱ्या एका विद्यापीठाचा अर्ज जानेवारीत द्यायचा होता. या वेळी मी ठरवलं होतं की तोंड उघडायचं नाही. लेकीला म्हटलं, "काय टाकायचं ते तू टाक. मी वाचायलाही मागणार नाही." तिने मागितलेलं पोस्टाचं तिकीट तेवढं दिलं. पाकीट बंद होऊन माझ्यासमोरून पोस्टात गेलं. घरातून न वाचलेला कागद बाहेर गेला तो हा पहिलाच, आणि सांगते, ते दोन महिने मला जड गेले.

मार्चमध्ये त्यांनी मुलाखतीला बोलावलं. अडीच तासांचा रस्ता, दोन्हीकडे साचलेलं बर्फ. लेक आत गेली. आम्ही दोघं बाहेर कागदी कपातली कॉफी धरून बसलो. आमच्यासारखे आणखी बरेच आईबाप होते आणि सगळे गप्प. त्यांच्याकडेही एखादी फाइल गेली असणार.

तासाभराने पांढऱ्या केसांच्या एक डॉक्टर बाई बाहेर आल्या. लेकीचं नाव घेऊन त्यांनी विचारलं की तिची आई कोण. मी उभी राहिले. यांनी माझ्या कोटाची बाही धरली, ती मी सोडवली.

"अंड्याच्या खोक्यावाल्या तुम्हीच का?" त्यांनी विचारलं.

मग मला कळलं की लेकीने निबंध कशावर लिहिला होता.

आमच्या शेजारी एक म्हातारी विधवा बाई राहायची. नजर अधू झालेली, औषधाच्या नऊ बाटल्या. तिला लेबलं वाचता यायची नाहीत, म्हणून दर रविवारी मी जायचे. अंड्याचा रिकामा खोका घ्यायचा, बारा कप्पे. सहा दिवसांचं सकाळ-संध्याकाळ त्यात भरून ठेवायचं. सातव्या दिवशी, रविवारी, मी असायचेच. कप्प्यांवर मोठाले आकडे रंगवायचं काम लेकीचं, तेव्हा ती दहा वर्षांची होती. एका रविवारी मला दिसलं की दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या दोन बाटल्यांवर नावं निराळी, पण खालच्या बारीक अक्षरांत औषध एकच. बाई दुप्पट घेत होती आणि उठली की चक्कर येऊन बसत होती. माझे उच्चार फोनवर कोणाला समजायचे नाहीत, म्हणून मी लेकीला फोन करायला लावला. औषधाच्या दुकानातल्या माणसाने लगेच डॉक्टरला गाठलं आणि एक बाटली बंद झाली. घरी येताना लेकीने विचारलं होतं, "आई, डॉक्टरांनी का नाही वाचलं?" मी म्हटलं होतं, "त्यांना विचार." हे सगळं मी विसरून गेले होते. ती विसरली नव्हती.

"मीच ती," मी म्हटलं.

"तुमच्या मुलीने लिहिलंय की तुम्ही सातवीत शाळा सोडली."

"मी सोडली नाही," मी म्हटलं. माझं इंग्रजी तेव्हा होतं तसंच बोलले, काळ चुकवत. "शाळा आमच्या गावात तिथेच संपत होती. मी अजून चालूच आहे."

बाईंनी माझा हात हातात घेतला आणि आत गेल्या. हे पुटपुटले, "बोलायचं नाही ठरलं होतं आपलं."

"ते तुमचं ठरलं होतं."

लेक बाहेर आल्यावर मी तिला एकच विचारलं, रकान्यात काय टाकलंस. ती कोटाची बटणं लावत म्हणाली, "सेव्हन्थ ग्रेड. व्हॉट एल्स?" या वेळी पांढरा रंग लागला नव्हता म्हणे.

एप्रिलमध्ये पाकीट आलं. पातळ नव्हतं, पण फार जाडही नव्हतं. हे ऑफिसातून येऊन बूट न काढताच उभे होते. लेकीने पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि माझ्यापुढे धरलं.

"तू वाच."

मी चष्मा लावला. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. जागा दिल्याचं लिहिलं होतं, दोन्हीकडची, कॉलेजची आणि मेडिकलची. मग खालचं वाचायला घेतलं, लसींचे कागद कधीपर्यंत पाठवायचे ते, आणि त्याखालची बारीक अक्षरं.

"आई, जस्ट टेल मी."

"अगं, सांग तरी," हे म्हणाले.

"मिळाली," मी म्हटलं. "आता थांबा जरा दोघं. मागची बाजू वाचायची राहिलीय."