डबा रिकामा आला पाहिजे

आई मालवणहून तीन महिन्यांसाठी आयर्लंडला आली होती. विमानं बंद झाली आणि ती आमच्याकडेच अडकली. त्यातच तिला कोविड झाला आणि कासलबारच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. भेटायला बंदी होती. रोज दुपारी पेजेचा डबा दारावर द्यायचा आणि आदल्या दिवशीचा परत घ्यायचा, एवढीच परवानगी.

डबा आणून देणारी नर्स फिलिपिनो होती. "ममी ग्रँड आहे," म्हणायची. म्हणजे अगदी ठीक. पण आयर्लंडमध्ये धाप लागलेला माणूसही ग्रँडच असतो, त्यामुळे माझा जीव टांगणीलाच. तिला ते कळलं असावं. एक दिवस म्हणाली, "तुमच्या आईने मला एक शब्द शिकवलाय. आसा. म्हणजे 'आहे', ना? आमच्या भाषेत आसा म्हणजे आशा." तेव्हापासून डबा देताना ती "आसा" म्हणू लागली.

डबा घेऊन रोज तुम्ही स्वतःच का येता, असं मी विचारल्यावर तिने आपल्या खापरपणजोबांची गोष्ट सांगितली. गडगंज व्यापारी, स्वतःची गलबतं. स्पॅनिशांविरुद्ध उठलेल्यांना त्याने पैसा दिला, बंदुका पोचवल्या. "गप्प बसला असता तर मी आज बेडपॅन उचलत नसते," ती हसली. त्याला किल्ल्यात कोंडलं, तेव्हा बायको रोज फाटकावर भाताचं भांडं द्यायची. रिकामं परत आलं की नवरा जिवंत. एक दिवस ते भरलेलंच आलं, सांगायला कुणीच आलं नाही.

मला तिचा रागच आला. आधीच पाचावर धारण बसलेल्या माणसाला असलं कुणी सांगतं का? मन चिंती ते वैरी न चिंती. दुसऱ्या दिवशी पेज रांधताना माझ्या डोळ्यांसमोर ते भरलेलं भांडंच होतं.

ती पेज नेऊन दिली. पुढच्या दुपारी तो डबा परत आला, तो जड. झाकण उघडलं तर पेज तशीच.

"आसा," नर्स म्हणाली.

तोंडावर मास्क, डोळ्यांवर प्लास्टिक. चेहऱ्यावरून काही कळेना. आई आहे, की नुसती आशा उरलीय?

"कुठल्या भाषेत?" मी ओरडलोच.

"तुमच्या आईच्या," ती म्हणाली. मग हात झटकून तिने हुबेहूब आईचा आवाज काढला, "मीठ नाय!"

मी तिथेच पायरीवर मटकन बसलो आणि रडलो. घाबरून मी पेजेत मीठच घातलं नव्हतं.