खालच्या माळावरची घरटी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मंडळातल्या कुणाला नाही. आणि आता तुम्हाला सांगायला बसले, तर कुठून धरावं तेच कळेना — कारण वरवर पाहिलं तर सगळं एका ओळीचं आहे. मी लिहिलेल्या एका ओळीचं.

मी आष्टीत विज्ञान शिकवायचे. पक्ष्यांचा नाद जुना. त्यातूनच आमचं निसर्ग मंडळ उभं राहिलं — दहा-बारा माणसं, त्यात दोघांकडे दुर्बिणी — आणि मी त्याची चिटणीस झाले. लोक म्हणायचे, बाईंना पक्ष्यांतलं कळतं. खरं सांगू? मला जे कळत होतं त्यातलं निम्मं सारूआक्कांनी शिकवलेलं होतं.

आक्का मेंढरं राखायच्या. गावाबाहेर दोन माळ होते. थोरला माळ उंच गवताचा, देखणा. पुण्या-नगरची माणसं मोठाले कॅमेरे घेऊन तिथं यायची. खालचा माळ म्हणजे गावचं गायरान. मेंढरांनी चरून चरून बुटका झालेला, दगडधोंड्यांचा. तिथं काय असणार, असं मलाही वाटायचं. एकदा तिथून जाताना आक्का एकदम ओरडल्या, "बाई, थांबा! पाय टाकू नका, अंडी हायेत तितं!" मी वाकून पाहिलं तरी दिसेनात. लेंड्यांमध्ये, लेंड्यांसारखीच, उघड्या जमिनीवर दोन अंडी. आता क्वचितच दिसणाऱ्या धाविक पक्ष्याची. त्याला उंच गवत चालत नाही, चरलेली मोकळी जमीनच लागते — हे पुस्तकात मी मागाहून वाचलं. आक्कांना ते माहीतच होतं. पिल्लं निघेपर्यंत त्या रोज कळप तिथून वळसा घालून नेत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

मग एका विधेयकाचा मसुदा आला. सौर प्रकल्पांसाठी गायरानं आणि पडीक जमिनी लांब मुदतीच्या भाड्यानं द्यायच्या, असा तो कायदा होणार होता. एक सवलत होती — दुर्मिळ पक्ष्यांची वीण जिथं असेल ती जमीन वगळता येईल. लोकांच्या हरकती मागवल्या होत्या, आणि आमच्यासारख्या मंडळांना विधेयक तपासणाऱ्या समितीनं लेखी भूमिका विचारली होती. मुंबईच्या समितीनं आम्हाला विचारलं! आमच्या बैठकीत त्या दिवशी पेढे वाटले गेले. मीच आणले होते.

आमचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त डॉक्टर. वाईट माणूस नव्हे. ते म्हणाले, "दोन्ही माळ मागितले तर एकही मिळायचा नाही. आपण सौरऊर्जेच्या विरोधात आहोत असं दिसायला नको. थोरला माळ मागू, बाकी कायद्याला पाठिंबा देऊ." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "खालच्या माळावर तसंही काही नसेल ना? तुम्ही पाहणी करून लिहा."

काही नसेल ना. प्रश्न होता तो. उत्तर मला ठाऊक होतं — मग तिथंच का नाही दिलं? मी मान हलवली. कशी हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, मला आज आठवत नाही. की आठवायचं नाही?

पाहणीला मी गेले. आक्काच सोबत होत्या. त्या सकाळी त्यांनी मला घरट्यांच्या तीन जागा दाखवल्या. एका जागी पिल्लू होतं — दगडाशी चिकटून बसलेलं, डोळा तेवढा हलणारा. मी वहीत खुणा केल्या. घरी आले, निवेदन लिहायला घेतलं, आणि नकाशाच्या खाली लिहिलं: "खालच्या माळावर पाहणीदरम्यान एकही घरटे आढळले नाही."

कुणी हात धरून लिहून घेतलं नाही. धमकी नव्हती, लालूच नव्हती. समितीपुढं आपण समजूतदार दिसावं, पुढच्या वेळी पुन्हा बोलावणं यावं — एवढंच.

पण मला जे सांगायचंय ते हे नाही. म्हणजे — हेही आहेच. याहून वाईट पुढं आहे.

हरकतींची मुदत संपायला चार-पाच दिवस उरले असतील. मधल्या सुट्टीत आक्का शाळेत आल्या, सोबत तीन-चार मेंढपाळ. हातात कोरा कागद. शाळेच्या व्हरांड्यात, चपला बाहेर काढून, उभ्या राहिल्या. "बाई, आमी बी अर्ज द्यावं म्हणतो. माळ गेल्यावर मेंढरं कुटं न्यायची? त्या अंड्यांचं बी लिवा त्यात. तुमी सांगा, आमी अंगठे देतो."

अंड्यांचं बी लिवा. त्यांचा अर्ज गेला, त्यात घरटी आली, आणि समितीनं दोन्ही कागद शेजारी ठेवले, तर? खोटं कुणाचं ठरलं असतं?

मी म्हणाले, "आक्का, वेगळा अर्ज कशाला? आमच्या निवेदनात सगळं लिहिलंय मी."

एकजण कुरकुरला, "पन आपला एक कागद आसला तर..." आक्कांनी त्यालाच गप्प केलं. "कावून? बाईंनी लिवलंय म्हंतेत ना? आपल्यापरीस चांगलंच लिवलं आसंल." तो कोरा कागद त्यांनी घडी घालून कमरेला खोचला आणि सगळे गेले. मी वर्गावर गेले. त्या तासाला काय शिकवलं, देव जाणे.

कायदा झाला. थोरला माळ वाचला. तिथं फलक लागला, त्यावर आमच्या मंडळाचं नाव आहे. खालच्या माळाला तारेचं कुंपण पडलं. त्याच्याविरुद्ध सरकारदरबारी एकही हरकत नोंदलेली नव्हती. आक्कांनी वर्षभर रस्त्याच्या कडेनं मेंढरं चारली. एका ट्रकखाली चार सापडली. मग कळप विकला आणि त्या लेकीकडं राहायला गेल्या.

गेल्या वर्षी बाजारात दिसल्या. मी तोंड चुकवणार होते — खोटं कशाला सांगू — पण त्यांनीच हाक मारली. वाळल्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्याच मला समजावायला लागल्या. "बाई, जिवाला लावून घिऊ नका. तुमी लिवलं व्हतं की. त्या मुंबईवाल्यांनी वाचलंच न्हाई, त्याला तुमी काय करनार?"

मी म्हणाले, "हो."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मी घेऊ दिला.

आक्का आहेत अजून. लेकीचं घर आष्टीतच, माझ्या दारापासून चालत दहा मिनिटांवर. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं. त्यांना नाही.